पुसलेली जहाजे

चित्राचा विषय निघाला की आम्ही साहित्याची शिक्षक मंडळी ‘उदास’, ‘गूढ’, ‘धीरगंभीर’ अशी विशेषणे वाटून मोकळे होतो. जणू भाववृत्ती म्हणजे रचना पूर्ण झाल्यावर वरून शिंपडलेले अत्तर! कवितेच्या रसग्रहणातही आमची सवय तीच. ती किती फसवी आहे, हे कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराच्या ‘समुद्रकाठचा भिक्षू’ (१८०८-१०) या तैलचित्रापुढे ध्यानी येते.

बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगॅलेरीतले हे चित्र सुमारे ११० सेंटिमीटर उंच आणि १७१ सेंटिमीटर रुंद आहे. तळाशी वाळूची फिकट पट्टी, तिच्यावर जवळजवळ काळ्या पाण्याची अरुंद पट्टी आणि उरलेले सुमारे तीन-चतुर्थांश चित्र म्हणजे केवळ आकाश. कडेला झाड वा कडा योजून नजरेला आत नेण्याची निसर्गचित्रातली रूढ रीत येथे नाही. आडव्या पट्ट्यांच्या या विस्तारात ठळक उभी आकृती एकच: काळ्या झग्यातला, पाठमोरा, इवलासा भिक्षू.

अवरक्त किरणांच्या तपासणीत असे आढळले की, फ्रीड्रिखने समुद्रावर आधी शिडाची जहाजे रेखाटली होती. पुढे ती त्याने रंगाखाली गाडली. आमच्या मते चित्राचे मर्म या पुसण्यात आहे. जहाज असते तर अंतराचे माप मिळाले असते, नजरेला मुक्काम मिळाला असता, कोणी येते वा जाते आहे अशी कथा सुचली असती. विषय तोच राहिला, भिक्षू आणि समुद्र. परंतु आधार काढून घेताच भाव पालटला. एकाकीपण समुद्रात नव्हते; ते एका निर्णयातून घडले.

कोणी म्हणेल, आम्हांस येथे उदासी नव्हे, शांती दिसते. जरूर दिसावी. मात्र त्या शांतीलाही या रिकामेपणाचा हिशेब द्यावाच लागेल. अन्यथा ती चित्राची नव्हे, पाहणाऱ्याची शांती ठरेल.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच: ‘उदास’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ती जहाजे मनातल्या मनात परत ठेवून पाहा. काय हरवते, ते लिहा. कवितेलाही हीच कसोटी लावा. आम्ही शिक्षकांनी तर ती आधी स्वतःला लावावी.