पडद्यावरचा पंजाब आणि आपली चिंचोळी

जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शित झाला, तो सेन्सॉर बोर्डाशी झालेला वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेऊनच. किती कट सुचवले आणि किती उरले, यातच बहुतेकांची चर्चा संपली. अभिषेक चौबे यांच्या या चित्रपटातले खरे दुखणे मात्र आलिया भट्टने रंगवलेल्या बिहारी मुलीचे आहे. पोटासाठी ती पंजाबच्या शेतात मजुरीला आलेली. सीमेपलीकडून फेकलेले हेरॉइनचे पुडके तिच्या हाती लागते. ते विकून आपले दिवस पालटतील असे तिला वाटते आणि तिथूनच तिची फरफट सुरू होते. ती टोळीतली नव्हे, मुळात व्यसनीही नव्हे. तरी सर्वांत मोठी किंमत तीच मोजते.

‘हे सगळे तिकडचे’ असे म्हणण्याची सोय सोलापूरकरांना तेव्हाही नव्हती. त्याआधी दोनच महिने, एप्रिल २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यातून १८ टनांहून अधिक एफेड्रीन जप्त केले. किंमत सांगितली गेली सुमारे २००० कोटी रुपये. एफेड्रीन हे मुळात औषधच, पण त्यापासून मेथॲम्फेटामाइन हे जहाल मादक द्रव्यही बनते. बातम्यांत गाजले ते ममता कुलकर्णी या अभिनेत्रीचे नाव. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धचा गुन्हा रद्दही केला. या गदारोळात साधा प्रश्न मागे पडला. नियंत्रित रसायनाची एवढी रास साठेपर्यंत नोंदवह्या कोण तपासत होते? ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळीतच मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आला, तेव्हा तो प्रश्न जिथल्या तिथेच असल्याचे दिसले.

सोलापूर हे तर बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलेले गाव. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातांनी इथल्या चादरीला नाव मिळवून दिले. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि वाट उलटी फिरली. आता आपलीच मुले पुण्याची गाडी धरतात. पहिला पगार हाती पडण्याआधीच खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे द्यावे लागतात. अशा वेळी ‘एवढे पाकीट पोचव आणि पैसे घे’ असे म्हणणारा कोणी भेटला, तर पाऊल घसरायला मुलगा वाईटच असावा लागत नाही. तो एकटा आणि अडचणीत असला तरी पुरते. त्या बिहारी मुलीची गोष्ट याहून वेगळी ती काय?

दूर गेलेल्या मुलाला आपण ‘जेवलास का’ असे रोज विचारतो. ‘पैशांची ओढाताण आहे का’ हेही विचारायला हवे. आणि व्यसन लागलेच, तर ते झाकून ठेवू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४अ नुसार, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अब्रूच्या भीतीने हे दार पुष्कळदा आपणच लावून घेतो. नोंदवह्या तपासणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडून करवून घेतलेच पाहिजे. घरातली विचारपूस मात्र दुसरे कोणी करणार नाही.