घर हीच पाठशाळा : पाऊस कुठे पडला?

आषाढ लागला की गावोगावच्या जिनमंदिरांत वर्षायोगाची लगबग सुरू होते. मुनिसंघ आणि आर्यिकासंघ चार महिने एका जागी स्थिरावतात. अशा वेळी घरातील पाच-सहा वर्षांचे मूल सहज विचारते, "महाराज आता पुढच्या गावी का जात नाहीत?" "पावसाळा आहे म्हणून," एवढे उत्तर मिळते आणि विषय संपतो. मुलाला वाटते, महाराज भिजू नयेत म्हणून थांबले असावेत. खरे कारण वेगळे आहे. पहिल्या सरींनंतर जमिनीवर कोवळे अंकुर, गांडुळे, गोगलगायी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव प्रकट होतात. त्यांच्यावर पाऊल पडू नये म्हणून विहार थांबतो. ऋतूचा एवढा बारकाईने विचार करणारी परंपरा ज्या घरात आहे, तेथे मुलांना हवामान शिकवण्यासाठी फार साधने शोधावी लागत नाहीत. अंगण, गच्ची, स्वयंपाकघर आणि मंदिराचे शिखर एवढ्यावर भागते.

आरंभ शिखरापासून करता येतो. सकाळी दर्शनाला जाताना मुलाला वर पाहायला सांगावे : ध्वज कोणत्या दिशेला फडफडतो आहे? तो पूर्वेकडे उडत असेल तर वारा पश्चिमेकडून येत आहे. वारा जिकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला मिळते, ही गोष्ट मोठ्यांचाही गोंधळ उडवते. मुले मात्र ध्वज पाहून ती दोन दिवसांत शिकतात. उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत ध्वजाची दिशा वहीत बाणाने काढून ठेवली, तर वाऱ्याची दिशा ऋतूबरोबर बदलते हे मुलाला स्वतःच्याच चित्रांतून कळते.

दुसरा खेळ पाऊस मोजण्याचा. सरळ उभ्या भिंतींचा, तळाशी आणि तोंडाशी सारख्याच रुंदीचा एखादा डबा घ्यावा. तो झाड आणि छपरापासून दूर, मोकळ्या जागी, कलंडणार नाही असा ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर चढले ते पाहावे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना 1875 साली झाली. त्याच्या केंद्रांवरही सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांचा पाऊस नोंदला जातो, हे सांगितले की मुलाला आपल्या कामाचे महत्त्व वाटू लागते. 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. वहीत त्या दिवशी एक निळा थेंब काढावा.

थोड्या मोठ्या मुलांना त्यातूनच गणित घालता येते. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. गच्ची 50 चौरस मीटरची असेल आणि डब्यात 10 मिलिमीटर पाणी साठले असेल, तर गच्चीवर 500 लिटर पाणी पडले. पंधरा लिटरची घागर धरली तर तेहतीस घागरी भरूनही पाणी उरते. एवढे पाणी एका रात्रीत वाहून गेले, हे कळल्यावर नळ वाहता ठेवू नये हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

मोजून झाले की डबा लगेच रिकामा करावा. साचलेल्या पाण्यात डासांची उत्पत्ती होते. पुढे ते जीव मारण्याची वेळ येऊ नये यासाठी आजच पाणी साचू न देणे, ही अहिंसेची सोपी रीत मुलाच्या हाताला लागते.

मृग नक्षत्राच्या सुमारास ओल्या मातीत लाल मखमली मृगाचा किडा दिसू लागतो. पूर्वी मुले त्याला काडेपेटीत ठेवत. आता त्याच्याजवळ उकिडवे बसून, हात न लावता, तो कुठून कुठे जातो ते पाहण्याची स्पर्धा लावावी. जो अधिक वेळ शांत बसेल, तो जिंकला.

स्वयंपाकघरातही हवामान असते. एक पापड घट्ट झाकणाच्या डब्यात आणि दुसरा ताटलीत उघडा ठेवावा. पावसाळ्यात उघडा पापड काही तासांतच सादळतो, वाटीतले मीठ ओलसर होते, दोरीवरचा रुमाल दिवसभर वाळत नाही. हवेत न दिसणारे पाणी आहे, याचा याहून सोपा पुरावा नाही. याच वेळी आजीने पिठाची मर्यादा सांगावी. दिगंबर परंपरेत ती हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवसांची मानली जाते. दमट हवेत जीवोत्पत्ती लवकर होते म्हणून मर्यादा आखडते. सादळलेला पापड हातात असताना हा नियम मुलाला ओझे वाटत नाही, त्याला त्यातले कारण दिसते.

विजांच्या कडकडाटाने लहान मुले भेदरतात. त्यांना जवळ घेऊन णमोकार म्हणावा, आणि त्याबरोबर मोजायलाही शिकवावे. वीज चमकली की घड्याळाच्या गतीने अंक म्हणायचे आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे नऊ अंक झाले तर वीज सुमारे तीन किलोमीटरवर होती. तीसच्या आत गडगडाट आला तर घरात यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. झाडाखाली तर मुळीच उभे राहायचे नाही. मंत्राने मन स्थिर होते, मोजण्याने बुद्धीला काम मिळते आणि भीतीला जागा उरत नाही.

या सर्व खेळांतून एक प्रश्न मात्र रोज विचारला गेला पाहिजे : "पाऊस कुठे पडला?" सकाळी आपला डबा पाहून झाला की मामाच्या, आत्याच्या, मावशीच्या गावी फोन लावावा. तेथील मुलांनीही डबे ठेवलेले असावेत. एकाच दिवशी एका डब्यात साठ मिलिमीटर, दुसऱ्यात चार आणि तिसरा कोरडा असा हिशेब निघतो. "पाऊस पडला" म्हणणारा खरा आणि "पडलाच नाही" म्हणणाराही खरा. प्रत्येक जण आपापल्या अंगणातून बोलतो आहे. अनेकान्ताचा पहिला धडा सहा वर्षांच्या मुलाला याहून सहजपणे देता येणार नाही.

हा धडा प्रसंगी जीव वाचवणाराही ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्याला पाऊस धो-धो कोसळतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तो जिल्ह्यात सर्वांत कमी पडतो. तरीही 2005, 2019 आणि 2021 साली महापुराने शिरोळची गावे वेढली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती घाटमाथ्याचे पाणी घेऊन पंचगंगेत येतात आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्यामुळे अंगणात नुसती भुरभुर असतानाही नदी फुगू शकते. या काठांवर समाजातील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहतात. "आपल्याकडे कुठे पाऊस आहे?" असे म्हणत थांबून राहणे त्यांना परवडणारे नाही.

मुलांना हे मातीतच दाखवावे. अंगणात ओल्या मातीचा एका बाजूला उंच डोंगर करावा. त्यावरून खाली उतरणाऱ्या चार नद्या बोटाने कोराव्यात, त्यांची एक पंचगंगा करावी आणि अगदी शेवटी, सखल जागी, आपले घर म्हणून एक सुपारी ठेवावी. मग डोंगरावर तांब्याने गाळलेले पाणी हळूहळू सोडावे. सुपारीवर थेंबही पडत नाही, तरी थोड्या वेळाने तिच्याभोवती पाणी जमते. पाणी पोहोचायला लागणारा हा 'थोडा वेळ' म्हणजेच आवराआवर करून बाहेर पडण्याचा वेळ, हे तेथेच समजावून द्यावे.

त्यानंतर भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी चिकटवावी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पट्टीवर 39 ला पिवळी आणि 43 ला लाल रेघ ओढावी. वर्तमानपत्रात रोज येणारी पातळी मुलाने तेथे लिहावी. इतर गावांतील कुटुंबांनी आपापल्या नदीचे आकडे घ्यावेत. जेथे नदी नाही तेथे हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे रंग वापरावेत : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. त्या त्या रंगाची चिंधी दाराला बांधण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्यावे. ते काम तो विसरत नाही, इतरांनाही विसरू देत नाही.

पर्युषण येईपर्यंत वहीची बरीच पाने भरलेली असतील : निळे थेंब, वाऱ्याचे बाण, मामाच्या गावचे आकडे, एखादा वेडावाकडा मृगाचा किडा. क्षमावाणीच्या दिवशी मूल जेव्हा हात जोडून सर्व जीवांची क्षमा मागेल, तेव्हा त्या 'सर्व जीवां'पैकी काहींना त्याने स्वतः, उकिडवे बसून, पाहिलेले असेल.