चार वर्षांच्या मुलीचे कागद

माझ्या पोटावर आडवा, लांबलचक व्रण आहे. मला पाहायला येणाऱ्यांना आई सांगायची, "लहानपणी अपेंडिक्स काढलं." अपेंडिक्ससाठी कुणी एवढं पोट फाडत नाही, पण कांदेपोहे खाणाऱ्यांना तेवढं पुरलं.

खरं असं की १९८९ साली, मी चार वर्षांची असताना, माझं डावं मूत्रपिंड काढलं. विल्म्स ट्यूमर. लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कॅन्सर. मग औषधं, पोटावर किरणं. मी जगले. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलं जगतात. घरी आल्यावर वडिलांनी फाइल बंबात घातली. मुलीच्या जातीला असला शिक्का नको.

लग्नानंतर दोनदा पाचव्या महिन्यात गर्भ पडला. सासूबाई म्हणाल्या, हिच्या पोटात काही ठरतच नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी व्रण पाहिला आणि विचारलं, "किरणं दिली होती का? कुठे? किती?" मी आईकडे पाहिलं. मी सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःबद्दल कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते.

लहानपणी ओटीपोटापर्यंत किरणं पोचली तर गर्भाशय पुरतं वाढत नाही. रक्तपुरवठा तोकडा पडतो, ते हवं तसं ताणत नाही. मग गर्भ पडतो, किंवा मूल दिवस भरायच्या आत, कमी वजनाचं जन्मतं. सगळ्या पोटाला किरणं दिली असतील तर बीजकोशच निकामी होऊ शकतात. काहींना पाळी येतच नाही, काहींची फार लवकर जाते. एकच मूत्रपिंड असलेलीचा रक्तदाब गरोदरपणी जपावा लागतो. छातीवर किरणं घेतलेलीनं स्तनांची तपासणी इतर बायकांच्या आधी सुरू करायला हवी. उलट, जिला फक्त शस्त्रक्रिया आणि व्हिन्क्रिस्टिन, डॅक्टिनोमायसिन ही नेहमीची दोन औषधं मिळाली, तिला बहुधा यातला काही त्रास होत नाही. म्हणजे घाबरायचं की निश्चिंत राहायचं, हे त्या फाइलीवर ठरतं.

आणि फाइल? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायला सांगितले आहेत. तीन! चार वर्षांच्या मुलीचे कागद ती सात वर्षांची होईतो. तिला पाळी यायच्या कितीतरी आधी ते रद्दीत गेले तरी नियम मोडत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना चालतो, वर्षानुवर्षं त्यांची विचारपूस होते. तेव्हा जमत नाही असं कुणी सांगू नये.

म्हणे मुलीला सांगून घाबरवायचं कशाला! मला न सांगून कुणाची भीती वाचली? वडिलांची. स्थळं मोडण्याची.

मैत्रिणींनो, आपल्यावरही माझा राग आहे. नेट-एनच्या इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली आपल्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईला पूर्ण माहिती दिल्याशिवाय तिची संमती ही संमतीच नव्हे, हे आपण या देशाला ठणकावून सांगितलं. मग जिच्या वतीनं बापानं सही केली, ती मुलगी मोठी झाल्यावर तिला ती माहिती कोण देणार? अठराव्या वर्षी तिच्या स्वतःच्या हातात, तिच्या भाषेत, उपचारांचा कागद पडलाच पाहिजे. औषधांची नावं, किरणांची जागा आणि मात्रा, पुढे काय जपायचं ते. वडिलांच्या हातात नको, नवऱ्याच्या तर नकोच. माझा तपशील डॉक्टर माझ्या नवऱ्याला समजावत होते, मी शेजारी बसले असताना. मला मूल हवंय का, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्या रुग्णालयात अर्ज घेऊन गेले. कारकुनानं तारीख वाचली आणि कागद परत सरकवला. "इतकं जुनं कोण ठेवतं, बाई? वडिलांना विचारा."