धनुष्कोडी : पूल सावरला, माणसांचे काय?

रामेश्वरच्या यात्रेला गेलेला मराठी माणूस सहसा धनुष्कोडीचे दर्शन घेतल्यावाचून परतत नाही. सेतूची वाळू घ्यावी, दोन समुद्रांच्या संगमावर स्नान करावे आणि परतताना वाळूत उभ्या असलेल्या पडक्या भिंतींपुढे छायाचित्र काढून घ्यावे, असा आता रिवाजच पडला आहे. 'हे चर्च, हे रेल्वे स्थानक, ही भुतांची नगरी,' असे वाटाड्या सांगतो. पण या भिंतींआड भुते नाहीत. तेथे कष्टकऱ्यांच्या स्थलांतराचा अर्ध्या शतकाचा इतिहास गाडला गेला आहे, आणि तो इतिहास अद्याप संपलेला नाही.

मळेवाल्यांसाठी लोहमार्ग

१९१४ पूर्वी मद्रासहून कोलंबोला जाणारा प्रवासी रेल्वेने तुतिकोरीनला जाई आणि तेथून आगबोटीने समुद्र ओलांडी. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा सुमारे दोन कि.मी. लांबीचा, १४५ खांबांचा पूल खुला झाला आणि साऊथ इंडियन रेल्वे कंपनीच्या गाड्या थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत धावू लागल्या. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघालेली 'बोट मेल' धक्क्याशी थांबे. तेथून आगबोटीने सुमारे ३५ कि.मी. समुद्र ओलांडला की पलीकडच्या तलैमन्नारला कोलंबोची गाडी उभी असे. जकात कचेरी, टपाल व तार कचेरी, रेल्वेचे रुग्णालय, शाळा या सर्व सोयी वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर उभ्या राहिल्या. बोटींना नावे मिळाली ती 'आयर्विन' आणि 'गोशेन', म्हणजे एका व्हाइसरॉयाची आणि एका गव्हर्नराची!

हा सगळा खटाटोप कोणासाठी होता? यात्रेकरूंना आणि व्यापाऱ्यांना त्याचा लाभ झाला, हे खरे. परंतु सिलोनच्या चहा-रबराच्या मळ्यांना हवा होता तो स्वस्त, हुकमी आणि कर्जाने बांधलेला मजूर. तामिळ मुलखातील दुष्काळी गावांतून 'कंगाणी' नावाचा मुकादम आगाऊ रक्कम देऊन माणसे गोळा करी. त्यांचे कर्ज 'तुंडू' नावाच्या कागदावर चढे, आणि त्या कागदाबरोबर मजूरही एका मळ्याकडून दुसऱ्याकडे जाई. ही तुंडू पद्धत १९२१ साली बंद झाली. कंगाणी आणि कर्ज मात्र पुढेही राहिले. धनुष्कोडीला पोचण्यापूर्वी मंडपमच्या छावणीत या मजुरांना काही दिवस अडकवून ठेवले जाई. भारताच्या भूमीवरील ही छावणी चालवीत होते सिलोनचे सरकार. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला असा छावणीवास घडत नसे. स्थानक एकच होते, पण त्याचे दरवाजे दोन होते.

लाटेखाली गेलेली गाडी

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर पांबनहून धनुष्कोडीकडे निघाली. समुद्र खवळलेला होता, वारा पिसाटलेला होता. धनुष्कोडी काहीशे यार्डांवर आली असताना प्रचंड लाट आली आणि संपूर्ण गाडी तिच्याखाली गेली. नोंदीप्रमाणे गाडीत ११० प्रवासी व ५ रेल्वे कर्मचारी होते. त्यांपैकी कोणीही वाचले नाही. बिनतिकिटाच्या माणसांची गणती कोण करणार? त्या वादळातील एकूण बळी सुमारे १८०० मानले जातात. मद्रास सरकारने धनुष्कोडी हे गाव वस्तीस अयोग्य ठरविले. धक्का, स्थानक, बाजार, सारे वाळूच्या स्वाधीन झाले.

अशा रात्री गाडी सोडलीच का गेली? पुढे पांबनच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविण्यात आले, आणि वेग ताशी ५८ कि.मी.वर गेला की गाडी थांबवावी, असा नियम झाला. म्हणजे उपाय अशक्य नव्हता. तो सुचण्यासाठी माणसे मरावी लागली, इतकेच. निसर्गाच्या कोपाचे नाव पुढे करून या प्रश्नाला बगल देता येत नाही.

४६ दिवस आणि ३९ वर्षे

वादळाने पांबनचा पूलही मोडला होता. रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. त्या कामाचे प्रमुख होते तरुण अभियंता ई. श्रीधरन. हा पराक्रम गौरवास्पदच आहे. पण त्याच काळातील दुसरा हिशेबही मांडला पाहिजे.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने सिलोन सरकारने मळ्यांवरील लाखो भारतीय वंशाच्या तामिळ कष्टकऱ्यांना देशहीन केले होते. वादळाच्या ५३ दिवस आधी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, शास्त्री-सिरिमाव्हो करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत आणि उरलेल्या दीड लाखाचे पुढे पाहावे, असे ठरले. १९७४ मध्ये हे दीड लाखही दोन सरकारांनी निम्मेनिम्मे वाटून घेतले. वाटणी झाली ती जणू गुराढोरांची! ज्यांच्या घामावर दोन पिढ्या चहाचा नफा पिकला, त्यांना कोठे राहायचे आहे, हे कोणी विचारले होते काय?

धनुष्कोडी बुडाल्यावर बोट रामेश्वरहून सुटू लागली. 'रामानुजम' या बोटीतून परत आलेली कुटुंबे पुन्हा त्याच मंडपमच्या छावणीत उतरली. काहींना निलगिरीच्या सरकारी चहामळ्यांत काम मिळाले. अनेकांच्या नशिबी नवी वणवण आली. १९८४ मध्ये यादवीमुळे बोट बंद झाली आणि जाण्याचा मार्गच तुटला. श्रीलंकेत मागे राहिलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा तेथील संसदेने केला तो २००३ साली. लोखंडाचा पूल ४६ दिवसांत जोडला गेला. माणसांना देश मिळायला ३९ वर्षे लागली.

आणि हा हिशेब आजही पुरा झालेला नाही. युद्धातून जीव वाचवून आलेले श्रीलंकेचे तामिळ निर्वासित आजही मंडपमच्या छावणीत आणि तामिळनाडूतील इतर छावण्यांत राहत आहेत. त्यांच्यांत मळ्यांवरील मजुरांचे वंशजही आहेत. आपल्या संसदेने २०१९ मध्ये नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त केला. त्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान ही तीन राष्ट्रे आली, श्रीलंका आली नाही.

स्थानक पुन्हा उभारायचे, तर कोणासाठी?

२०१५ मध्ये तलैमन्नारला रेल्वे पुन्हा पोचली. २०१७ मध्ये धनुष्कोडीच्या टोकापर्यंत पक्का रस्ता झाला. २०१९ मध्ये धनुष्कोडीच्या रेल्वेमार्गाची कोनशिला बसली. गाडी अद्याप आलेली नाही. २०२३ मध्ये नागपट्टणम् ते कांकेसन्तुरै अशी प्रवासी बोट सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा पूल खुला झाला. या सर्वांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु धनुष्कोडीत विजेविना वर्षानुवर्षे काढलेली मच्छीमार कुटुंबे आणि मंडपमच्या छावणीतील माणसे या थाटामाटात कोठे आहेत? वाळूच्या त्या नाजूक पट्टीवर मार्ग टाकण्यापूर्वी मच्छीमारांचे म्हणणे ऐकले पाहिजे, वादळाच्या वेळी त्यांना सुरक्षित हलविण्याची हमी दिली पाहिजे. आणि छावण्यांतील निर्वासितांपैकी ज्यांना येथे राहायचे आहे, त्यांना नागरिकत्व मिळालेच पाहिजे.

काशीहून रामेश्वरला चाललेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा महाराष्ट्रातील पोरासोरांनाही ठाऊक आहे. रामेश्वरची खरी वाट कोणती, हे नाथांना कळले होते. पुलांची उद्‌घाटने करणाऱ्यांना ते केव्हा कळणार?