दहाव्या संघाचे मोल

अमेरिकेतील विद्यापीठांच्या महिला फुटबॉलमध्ये ऑगस्ट हा पाहुण्यांचा महिना असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून भाऊबंदकी सुरू होते. मोसमाचे पहिले चार आठवडे संघ आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या, म्हणजे आपल्या गटाबाहेरच्या, विद्यापीठांशी खेळतात, मग ऑक्टोबर संपेपर्यंत घरातल्या घरात गुणांसाठी झुंजतात. २०२५ चा मोसम आता या वळणावर आला आहे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एसीसी’, ही या खेळातली सर्वात श्रीमंत परंपरेची साखळी. तिचे अंतर्गत सामने सुरू होत असताना गुणतक्ता हाती घेऊन भाकिते वर्तवणाऱ्यांची गर्दी होणे स्वाभाविक आहे. आम्हाला मात्र त्या तक्त्यात पहिल्या क्रमांकापेक्षा दहाव्या क्रमांकाकडे पाहावेसे वाटते.

आधी या साखळीचा दरारा समजून घेऊ. गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचलेले चारही संघ एसीसीचेच होते: नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक, स्टॅनफर्ड आणि वेक फॉरेस्ट. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाने वेक फॉरेस्टला १-० असे हरवले. १९८२ पासून झालेल्या ४३ राष्ट्रीय स्पर्धांपैकी ३२ विजेतेपदे आज या साखळीत असलेल्या विद्यापीठांच्या नावावर आहेत. त्यात एकट्या नॉर्थ कॅरोलिनाची २२, फ्लोरिडा स्टेटची चार आणि नोत्र दाम व स्टॅनफर्डची प्रत्येकी तीन. शेवटच्या दोघांनी ही विजेतेपदे एसीसीत येण्यापूर्वी मिळवली असली तरी आता तो वारसा याच घरात आला आहे. जुलैत युरो स्पर्धा जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातल्या लुसी ब्रॉन्झ, अलेसिया रुसो आणि लॉटे वुबन-मॉय या तिघीही कधीकाळी नॉर्थ कॅरोलिनाच्या फिक्या निळ्या गणवेशात खेळल्या होत्या. अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध इंग्लंडला बरोबरी साधून देणारा गोल रुसोचाच.

मोसमाच्या सुरुवातीच्या निकालांवर किती विसंबायचे, हा दरवर्षीचा वाद. याला दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसहून आलेल्या यूसीएलएने नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या एकाच दौऱ्यात ड्यूकला आणि मग नॉर्थ कॅरोलिनाला त्यांच्याच मैदानांवर नमवले. त्याच वर्षी डिसेंबरात अंतिम सामन्यात पुन्हा नॉर्थ कॅरोलिना आणि यूसीएलए समोरासमोर आले. विद्यापीठांच्या या फुटबॉलमध्ये घड्याळ उलटे चालते. फलकावर ४५ मिनिटे लावलेली असतात आणि ती शून्याकडे उतरत जातात. गोल झाला किंवा कार्ड निघाले की पंच ते थांबवतात. त्यामुळे भरपाईचा वेळ नावाची सोय नाही, आणि शेवटचे दहा सेकंद निवेदक मोठ्याने मोजतो. डिसेंबरातल्या त्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना दोन गोलांनी पुढे होती. मग आघाडी एका गोलावर आली आणि फलकावर १६ सेकंद उरले असताना रायलिन टर्नरने बरोबरी साधली. जादा वेळेत यूसीएलएने सामना ३-२ असा जिंकला. सप्टेंबरने जे सांगितले होते, तेच डिसेंबरने खरे केले. पण पुढच्याच वर्षी हाच गतविजेता संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, यूसी अर्व्हाइनकडून एका गोलाने हरून घरी बसला. एखाद्या संघाचे भविष्य पहिल्या चार आठवड्यांत वाचू पाहणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवावेत.

संघाचे नसले तरी साखळीचे भविष्य मात्र या आठवड्यांतच लिहिले जाते, आणि त्यामागे भावना नसून गणित आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. तिच्यासमोर असते ‘आरपीआय’ हे मानांकन. त्याच्या मूळ सूत्रात संघाच्या स्वतःच्या विजयांना केवळ पाव हिस्सा वजन आहे. निम्मे वजन त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला आणि उरलेले पाव त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. म्हणजे ऑगस्टमध्ये एसीसीतल्या मधल्या फळीतल्या संघाने बाहेरचा एक तगडा संघ हरवला, की ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी खेळणाऱ्या प्रत्येक संघाचे पारडे थोडे वर जाते. हरायला नको असे सामने तो हरला, तर सगळ्यांचेच पारडे घसरते. फ्लोरिडा स्टेट किंवा स्टॅनफर्डने कितीही गोल केले तरी साखळीला त्यातून मिळते ते थोडेच. सिराक्यूस, पिट्सबर्ग, लुइव्हिल, बॉस्टन कॉलेज यांच्यासारख्या संघांनी शेजारच्या राज्यातल्या कुणाला रोखले, यावर पुष्कळ काही ठरते.

साखळीत आता १७ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला १० सामने येतात. म्हणजे प्रत्येक संघाची सहा भावंडांशी मोसमात गाठच पडत नाही, आणि कुणाची वाट सोपी व कुणाची खडतर हे वेळापत्रकच ठरवते. बहुतेक आठवडे गुरुवारी संध्याकाळी एक सामना आणि रविवारी दुपारी दुसरा, अशी लय असते. मधल्या दोन दिवसांत प्रवास, विश्रांती आणि चुकलेल्या तासिका. अशा मोसमात अकरा गुणी मुली पुरत नाहीत. अठरावी आणि विसावी खेळाडूही पहिलीइतकीच तयार असावी लागते. गेल्या वर्षापूर्वी कधीही अंतिम फेरी न गाठलेला वेक फॉरेस्ट तिथपर्यंत गेला, तो आठवड्यामागून आठवडे याच चक्कीतून निघाल्यामुळे.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. अॅन्सन डॉरन्स यांनी १९७९ पासून चार दशकांहून अधिक काळ नॉर्थ कॅरोलिनाच्या महिला संघाला घडवले आणि १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला पहिला महिला विश्वचषक अमेरिकेला जिंकून दिला. मराठी वाचकाला आपुलकी वाटावी असा तपशील म्हणजे त्यांचा जन्म १९५१ सालचा, आपल्या मुंबईतला. पहिल्या १९ राष्ट्रीय स्पर्धांपैकी १६ त्यांच्या संघाने जिंकल्या. प्रशिक्षक विलक्षण होता हे खरेच, पण तेव्हा मुलींच्या संघावर मनापासून पैसा आणि माणसे लावणारी विद्यापीठे मोजकी होती हेही तितकेच खरे. पुढच्या २४ स्पर्धांत याच विद्यापीठाला सहा विजेतेपदे मिळाली, आणि त्यातले शेवटचे, गेल्या वर्षीचे, डॉरन्स मोसमाच्या तोंडावर निवृत्त झाल्यानंतर डेमन नाहास यांच्या हाताखाली आले. हा आकडा म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाची पडझड नव्हे. बाकीचे मोठे झाले, एवढाच त्याचा अर्थ. नॉर्थ कॅरोलिनाच्या संघाला हरवण्याची आस धरून ड्यूक, व्हर्जिनिया, फ्लोरिडा स्टेट, क्लेम्सन उभे राहिले, आणि साखळी जगातली सर्वोत्तम झाली ती त्यामुळे.

ते मोठे कसे झाले? १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. कायद्याच्या मजकुरात खेळाचे नाव नव्हते, पण परिणाम मैदानावर सर्वात ठळक दिसला. अमेरिकी फुटबॉलच्या हेल्मेटधारी पुरुष संघाला मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या देणाऱ्या विद्यापीठांना मुलींच्या बाजूचा हिशेब जुळवण्यासाठी मोठा संघ लागणारा खेळ हवा होता. फुटबॉल त्यात चपखल बसला. आज पहिल्या श्रेणीत महिलांचे संघ साडेतीनशेच्या घरात आहेत, तर पुरुषांचे दोनशेच्या आसपास. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या देशात फुटबॉलचे असे चित्र शोधूनही सापडणार नाही.

आता चिंतेचा भाग. ही इमारत ज्या पायावर उभी आहे, तोच सध्या हलवला जातो आहे. पहिला धक्का भूगोलाचा. पॅसिफिक किनाऱ्यावरची जुनी कॉन्फरन्स २०२३ मध्ये मोडली, ती अमेरिकी फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांच्या पैशापायी. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी गेल्या वर्षी अटलांटिकच्या नावाच्या साखळीत आसरा घेतला, तोही सुरुवातीची काही वर्षे उत्पन्नाचा तोकडा वाटा पत्करून. त्यामुळे फुटबॉलच्या मुलींना सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून बॉस्टनपर्यंत, सुमारे ४,३०० किलोमीटर आणि तीन तासांचा कालफरक ओलांडून, साखळी सामना खेळायला जावे लागते. या निर्णयात त्यांचे मत कुणी विचारले नव्हते.

दुसरा धक्का न्यायालयाच्या मार्गाने आला. या जूनमध्ये मंजूर झालेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळावा यात गैर काहीच नाही. तो मिळायला उशीरच झाला. महिला फुटबॉलमध्ये आजवर १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ती जाऊन आता जास्तीत जास्त २८ खेळाडूंचा संघ ठेवता येतो, आणि विद्यापीठाची तयारी असेल तर सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. कागदावर हा फायदा आहे. पण थेट पैशाच्या वाटणीत सिंहाचा वाटा पुरुषांच्या अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार, हे कुणी लपवलेले नाही. या पैशांनाही टायटल नाइन लागू आहे, असे मार्गदर्शन मागच्या सरकारने जाता जाता जानेवारीत दिले होते. नव्या सरकारने ते फेब्रुवारीत मागे घेतले. तडजोडीतील भरपाईच्या वाटपाविरुद्ध काही महिला खेळाडूंनी अपील केले आहे. अशा रस्सीखेचीत वरची विद्यापीठे आपले महिला संघ सांभाळतील, कारण ती त्यांची शान आहे. कात्री लागेल ती मधल्या आणि खालच्या संघांना. तिथे एक प्रशिक्षक कमी होईल, एक दौरा रद्द होईल, विसावी खेळाडू घेतलीच जाणार नाही.

तिसरे आव्हान व्यावसायिक लीगचे. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सुवर्णाचा गोल करणारी मॅलरी स्वॉन्सन विद्यापीठात एकही अधिकृत सामना न खेळता व्यावसायिक झाली होती. स्टॅनफर्डला येण्याचे ठरवलेली अॅलिसा थॉम्पसन २०२३ मध्ये शाळेतूनच थेट लीगमध्ये गेली. गेल्या वर्षी लीगने विद्यापीठांतून खेळाडू निवडण्याची ‘ड्राफ्ट’ पद्धतच बंद केली. सर्वात गुणी मुली सोळाव्या-सतराव्या वर्षी परस्पर निघून जाणार असतील, तर विद्यापीठांची साखळी उरलेल्यांना किती उत्तम घडवते यावरच तिची किंमत ठरेल. पुन्हा प्रश्न मधल्या फळीचाच.

आपल्यासाठी हे सारे दूरदेशीचे कौतुक नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींवर आठ गोल चढवले. दहा दिवसांनी तोच अमेरिकी संघ नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर नायजेरियाकडून पेनल्टींवर हरला. म्हणजे ते अजिंक्य होते असे नव्हे, सवयीचे होते. त्या मुलींना दर आठवड्याला तोडीस तोड सामना खेळण्याची सवय होती, आपल्या मुलींना नव्हती. यंदा जुलैत भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून पुढच्या वर्षीच्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्याचा आनंद पुरेपूर घ्यावा. पण आपली आंतरविद्यापीठ स्पर्धा अजून विभागवार भरते आणि काही दिवसांत आटोपते. पश्चिम विभागात एखादे विद्यापीठ लवकर हरले, की त्या मुलींचा विद्यापीठासाठी खेळण्याचा वर्षभराचा हिशेब तिथेच मिटतो. त्यांना पुढचा गुरुवार नाही आणि रविवारही नाही.

राष्ट्रीय विजेता डिसेंबरात कोण ठरतो, हे कळेलच. नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा स्टेट किंवा स्टॅनफर्ड यांपैकी कुठेही करंडक गेला तरी जगाला आश्चर्य वाटणार नाही. ज्यांच्या हाती अमेरिकी विद्यापीठांच्या तिजोऱ्या आहेत, त्यांनी यंदाचा हिशेब मांडताना तळाच्या सात संघांच्या मुलींना काय मिळाले, हे आधी तपासावे. आणि मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, गोवा येथील विद्यापीठांनी करंडकांची संख्या वाढवण्यापेक्षा एकत्र बसून मुलींसाठी दोन महिन्यांची साखळी आखावी. त्यासाठी परदेशी प्रशिक्षक लागत नाही की मोठे मैदान लागत नाही. लागते ते वेळापत्रक, आणि ते पाळण्याची इच्छा.