वाळवंटातला उत्सव आणि सरकारी खर्चाचे बिल

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातले ब्लॅक रॉक वाळवंट म्हणजे एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ. मैलोन्‌मैल सपाट, क्षारयुक्त मातीचा हा प्रदेश तिथल्या केंद्र सरकारच्या मालकीचा आहे आणि त्याचा कारभार ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे खाते पाहते. देशभरातली सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन या ब्युरोकडे आहे. ऑगस्टच्या अखेरीस या ओसाड तळावर ‘बर्निंग मॅन’ हा उत्सव भरतो. आठवडाभरासाठी सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचे शहर उभे राहते, शेवटी भव्य लाकडी पुतळा जाळला जातो आणि शहर मोडून लोक घरी जातात. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर मूठभर मित्रांनी सुरू केलेला हा प्रकार. १९९० मध्ये किनाऱ्यावर पुतळा जाळण्यास पोलिसांनी मनाई केल्यावर तो वाळवंटात आला. सार्वजनिक जागेवरच्या उत्सवाकडून सरकारी खात्याने काय आणि किती मागावे, या प्रश्नाचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

ब्युरोच्या बाजूने मांडला जाणारा पूर्वपक्ष असा. जमीन सर्व जनतेची आहे. तिकीट विकून कुणी तिथे उत्सव भरवत असेल, तर बंदोबस्त, पाहणी, धूळ आणि कचऱ्यावरची देखरेख यांचा भार उत्सवाला कधीही न जाणाऱ्या करदात्याने का उचलावा? सार्वजनिक जमिनींबाबतचा १९७६ चा कायदा खात्याला वाजवी खर्च वसूल करण्याचा अधिकार देतो. त्याखालच्या नियमांनुसार अशा कार्यक्रमाला विशेष परवाना लागतो, व्यावसायिक कार्यक्रमाला ढोबळ उत्पन्नाच्या तीन टक्के शुल्क भरावे लागते, आणि परवान्याच्या कामात कर्मचाऱ्यांचे पन्नास तासांहून अधिक श्रम जाणार असतील तर त्याचा खर्चही अर्जदाराकडून घेता येतो. तेव्हा ब्युरो जे मागेल ते द्यावे. परवडत नसेल तर दुसरी जागा शोधावी.

यातला पहिला भाग खरा आहे आणि तो मनापासून मान्य केला पाहिजे. हजारो वाहने दोन पदरी रस्त्याने पिरॅमिड लेकच्या पायूट आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातात, गर्लॅकसारख्या चिमुकल्या गावावर लोंढा येऊन आदळतो. परतताना गाडीच्या टपावरून सुटलेल्या कचऱ्याच्या पिशव्या रस्त्याकडेला पडतात. हा त्रास ज्यांना होतो त्यांनी उत्सवाचे निमंत्रण दिलेले नसते. उत्सवामुळे झालेला खर्च उत्सवाने द्यावा हे तत्त्व न्याय्यच आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘खर्च द्यावा’ यातून ‘मागेल तो खर्च द्यावा’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो मुळीच निघत नाही.

याचे कारण व्यवहारात आहे. किती अधिकारी लागतील हे ब्युरो ठरवतो. त्यांची राहण्याची, जेवणाची, दळणवळणाची सोय कशी असावी हे ब्युरोच ठरवतो. बिलही तोच काढतो, आणि ते भरले नाही तर परवाना नाकारण्याची ताकद त्याच्याच हाती असते. ज्याला स्वतःच्या खिशातून काहीच द्यावे लागत नाही त्याला काटकसरीचे कारण उरत नाही. इथे एखादा अधिकारी वाईट असण्याची गरज नाही; भला अधिकारीही ‘असू द्या, हाताशी असलेले बरे’ म्हणत यादी वाढवत नेतो. बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. या उत्सवाला तसे जाता येत नाही, कारण एवढा विस्तीर्ण, निर्जन आणि आगीला सुरक्षित तळ दुसरीकडे सहजी मिळत नाही. ‘दुसरी जागा शोधा’ हे उत्तर म्हणूनच पोकळ आहे. १९९७ मध्ये आयोजकांनी ते करूनही पाहिले. शेजारच्या वॉशो काउंटीत खासगी जमिनीवर उत्सव भरवला, तेव्हा काउंटीने आपल्या खर्चापोटी प्रवेशद्वारावर जमलेली रोकड जागेवरच ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी उत्सव ब्लॅक रॉकला परतला.

२०१५ मध्ये काय घडले ते या दृष्टीने पाहावे. ब्युरोने आपल्या अधिकाऱ्यांसाठी आणि बड्या पाहुण्यांसाठी वेगळ्या तळाची मागणी केली. त्यात फ्लशची स्वच्छतागृहे, गरम पाणी, वातानुकूलित खोल्या, कपडे धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रे, आणि चोवीस तास आइस्क्रीम होते. ही मागणी पुरी करण्याचा वाढीव खर्च सुमारे १० लाख डॉलर होता. ज्या ठिकाणी तिकीट काढून आलेला माणूस आपले पाणी आपणच वाहून आणतो आणि फिरत्या शौचालयासमोर रांग लावतो, तिथली ही यादी. बातमी वृत्तपत्रात आली, नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी ब्युरो ज्या मंत्रालयाखाली येतो त्याच्या मंत्री सॅली ज्युएल यांना पत्र लिहिले आणि ब्युरोने मागणी मागे घेतली. ‘उंच पदावरच्या एका माणसाचा हा हट्ट होता, त्यावरून सगळ्या व्यवस्थेला दोष देऊ नये’ असे म्हटले जाते. परंतु मागणी थांबवली ती वृत्तपत्राने आणि सिनेटरने. खात्याच्या आतल्या कोणत्याही तपासणीने नाही. त्याच उत्सवाची तिकिटे मिळवण्यासाठी एका वरिष्ठ अंमलबजावणी अधिकाऱ्याने पदाचा वापर केल्याचा ठपका मंत्रालयाच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आला, तो २०१७ मध्ये. बिल तपासणारे कुणी असते, तर दोन्ही गोष्टी आधीच थांबल्या असत्या.

सुरक्षेच्या नावाने येणारी मागणी अधिक सावधपणे पाहावी लागते, कारण तिला विरोध करणारा माणूस लोकांच्या जिवाची पर्वा नसलेला ठरतो. २०१९ च्या मार्चमध्ये परवान्याच्या नूतनीकरणासाठी ब्युरोने पर्यावरणविषयक अहवालाचा मसुदा प्रसिद्ध केला. उत्सवाच्या नऊ-दहा मैलांच्या परिघाभोवती काँक्रीटचे अडथळे, ठिकठिकाणी मोठ्या कचरापेट्या आणि प्रवेशद्वारावर खासगी कंपनीकडून अमली पदार्थ व शस्त्रांची झडती, असे उपाय त्यात सुचवले होते. सगळ्याचा वार्षिक बोजा सुमारे २ कोटी डॉलर होईल असा आयोजक संस्थेचा अंदाज होता. आकडा आयोजकांचा आहे, तो कमी-जास्त धरावा. तरी उपाय प्रश्नाला लागू पडतो का, हे पाहायला आकड्याची गरज नाही. काँक्रीटचे ठोकळे आणण्यासाठी अवजड मालट्रकांच्या खेपा त्याच नाजूक तळावरून आणि त्याच अरुंद रस्त्यावरून झाल्या असत्या. कचरापेट्यांचे तर याहून उलटे. या उत्सवाचा नियम असा की आणलेली प्रत्येक वस्तू ज्याची त्याने परत न्यायची. उत्सव संपल्यावर ब्युरो तळाची पाहणी करतो आणि सरासरी एकरी एक चौरस फुटाहून अधिक कचरा सापडता कामा नये, अशी परवान्यातली अट आहे. २०२३ मध्ये पावसाने तळाचा चिखल झाला, हजारो लोक अडकून पडले, तरी उत्सव ही पाहणी उत्तीर्ण झाला. ज्या सवयीमुळे हे घडते तीच सवय फुकटच्या कचरापेट्यांनी मोडली असती. लोकांच्या हरकती आल्यानंतर अडथळे आणि कचरापेट्या यांचा आग्रह अंतिम निर्णयात उरला नाही. लोकसंख्येची मर्यादा मात्र ८०,००० वर ठेवली गेली. म्हणजे ‘अपरिहार्य’ म्हणून मांडलेले उपाय प्रश्न विचारल्यावर अपरिहार्य राहिले नाहीत.

आता दुसऱ्या टोकाचे मत. सार्वजनिक जमीन जनतेची, जनतेला तिच्यावर जमण्याचा हक्क, मग परवाना कशाला आणि शुल्क कशाला, असे उत्सवातले काही लोक म्हणतात. साथीमुळे २०२१ चा अधिकृत उत्सव रद्द झाला तेव्हा हजारो लोक कुणाच्याही आयोजनाशिवाय त्या तळावर गेले, आणि काही बिघडले नाही, असा दाखला ते देतात. हा दाखला तोकडा आहे. त्या वर्षी ब्युरोने मोठी बांधकामे आणि मोठ्या आगी यांवर तात्पुरती बंदी घातली होती, आणि गर्दीही नेहमीच्या मानाने पुष्कळ कमी होती. सत्तर हजारांच्या शहराला इस्पितळ, आग विझवण्याची सोय, वाहतुकीचे नियोजन आणि नंतरची पाहणी लागतेच. ती कुणीतरी करणार, आणि त्याचे पैसे कुणीतरी देणार.

मग मर्यादा कुठे घालायची? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरवणुकांच्या संदर्भात ती दोनदा आखून दिली आहे. १९४१ च्या कॉक्स खटल्यात न्यू हॅम्पशायरमधल्या मिरवणुकीवरचे परवाना शुल्क न्यायालयाने वैध ठरवले, कारण ते परवान्याचे काम आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या खर्चापुरते होते. १९९२ मध्ये जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीचा नियम मात्र रद्द केला. तिथे दिवसाला १,००० डॉलरपर्यंत शुल्क लावता येत होते आणि किती लावायचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. ठरलेला मापदंड नव्हता. दोन्ही निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे आहेत, तिकीट लावलेल्या उत्सवाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्यातला विवेक इथेही तितकाच खरा आहे: खर्चापुरते शुल्क चालेल, मर्जीचे शुल्क चालणार नाही.

त्यावरून रास्त व्यवस्थेचे स्वरूप दिसते. ब्युरोने तिकीटविक्री सुरू होण्याआधी खर्चाचे कलमवार अंदाजपत्रक जाहीर करावे. प्रत्येक अधिकाऱ्याच्या नेमणुकीमागे मागच्या वर्षांचा अनुभव दाखवावा: किती तक्रारी आल्या, किती अपघात झाले, कोणत्या पाळीला माणसे कमी पडली. काउंटीचे शेरीफ आणि उत्सवाचे स्वतःचे स्वयंसेवक रेंजर जे काम आधीच करतात, त्याच कामाचे पैसे पुन्हा लावू नयेत. अधिकाऱ्यांच्या निवासाचा आणि भोजनाचा दर्जा हेच खाते वणव्याच्या मोहिमेवरच्या आपल्या माणसांना देते तेवढाच असावा. उत्सव संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब प्रसिद्ध व्हावा आणि उरलेली रक्कम परत मिळावी. आयोजकांचीही जबाबदारी तितकीच ठाम असावी: पायूट प्रदेशातल्या रस्त्याची सफाई आणि गर्लॅकला होणारा त्रास यांचा खर्च त्यांनी कुरकुर न करता उचलावा, कारण तो उत्सवामुळेच होतो.

सर्वांत आधी दुरुस्त व्हायला हवी ती अपिलाची पद्धत. डिसेंबर २०१९ मध्ये आयोजक संस्थेने याच खर्चवसुलीविरुद्ध केंद्र सरकारवर दावा दाखल केला. ब्युरोच्या बिलांविरुद्ध केलेली अपिले मंत्रालयात वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहतात, ही त्यातली एक मुख्य तक्रार होती. पैसे आधी भरायचे, उत्सव होऊन जायचा, पुढच्या वर्षीचे बिल यायचे आणि मागच्याचा निकाल लागलेला नसायचा, अशा स्थितीत अपिलाचा हक्क कागदावरच राहतो. वादातली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि पुढचा परवाना देण्यापूर्वी, ब्युरोच्या बाहेरच्या तपासनिसाकडून, त्या अपिलाचा निकाल लागलाच पाहिजे अशी मुदत नियमातच घालावी.