स्वस्त तिकीट, महाग तारीख

आमच्या घरातले आजवर कुणी विमानात बसलेले नाही. नागपूरकडे जाणारी विमाने आमच्या शेतावरून दिसतात. कापूस वेचताना कंबर सरळ करायला आई उभी राहते आणि सहज वर पाहते, एवढाच आमचा विमानाशी संबंध. अशा घरातल्या मुलीने स्वस्त विमानप्रवासावर मत मांडावे याचे काहींना हसू येईल. येवो. परंतु डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या तीन महिन्यांत या विषयाचा मी जेवढा अभ्यास केला, तेवढा अर्थशास्त्राच्या पेपरचाही केला नव्हता.

निमित्त साहित्य संमेलनाचे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले, तेव्हा मी अकरावीत होते. गावाहून एस.टी.ने रोज जाऊन-येऊन मी ते पाहिले. ज्यांचे धडे पाठ्यपुस्तकात वाचले ती माणसे चहाच्या टपरीवर उभी असतात, हे तेव्हा प्रथम कळले. पुढे ९८ वे संमेलन दिल्लीला, २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तारखांना, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरणार असे ठरले. दिल्लीत यापूर्वी ते १९५४ साली भरले होते. अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. म्हणजे सत्तर वर्षांनी आलेली संधी! वर्गातल्या आम्ही तिघींनी जायचे ठरवले.

सेवाग्रामहून दिल्लीची रेल्वे मिळते आणि शयनयानाचे भाडे हजाराच्या आत असते. पण जाण्या-येण्यातच जवळजवळ दोन दिवस जातात, आणि दुसऱ्या सत्राच्या अंतर्गत चाचण्या त्याच सुमारास होत्या. नागपूरहून विमान दोन तासांच्या आत पोचवते. शिवाय खोटे कशाला बोलू, एकदा विमानात बसायचेही होते.

मग मैत्रिणीच्या मोबाइलवर रोज भाडी पाहण्याचा उद्योग सुरू झाला. त्यातून जे कळले ते येथे सांगते, कारण ते आपल्याला कुणी शिकवत नाही. एकाच विमानातल्या जागा निरनिराळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. म्हणून एकाच रांगेत बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. कापसाचा भाव पिकवणाऱ्याच्या हाती नसतो. येथे मात्र विकणाराच भाव ठरवतो आणि दिवसातून अनेकदा बदलतो. अमुक वारी रात्री तिकीट काढले की स्वस्त पडते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर भरवसा ठेवू नये. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आहे याला महत्त्व असते. शुक्रवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार बहुधा स्वस्त. दिवाळी, लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुट्टी महाग. आणि प्रवासाला थोडेच दिवस उरले की भाडे सहसा चढतेच.

पहिल्या पानावर दिसते ते भाडे खरे नसते. त्यात पुढे सोयीचे शुल्क येते. खिडकीची जागा निवडली तर तिचे वेगळे पैसे. सामानाची मर्यादा ओलांडली की किलोमागे दंड. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत देतात आणि जास्त सामान नेऊ देतात; मात्र महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ हवे. वर्गातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

भल्या पहाटेचे विमान पुष्कळदा स्वस्त दिसते. परंतु त्या वेळी नागपूरची मेट्रो सुरू झालेली नसते, आणि आमच्या गावाहून रात्री एस.टी. नाही. खासगी गाडी केली तर वाचलेले पैसे त्यातच गेले. उरते गणेशपेठचे बसस्थानक. तीन मुलींनी रात्र स्थानकावर काढायला कोणाची आई हो म्हणेल? तेव्हा दुपारचे महाग विमानच आम्हाला स्वस्त होते.

दिल्लीला कधी जावे याचाही विचार केला. दिवाळीनंतर तेथे धुराने हवा कोंदते. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते आणि सकाळची विमाने तासन्‌तास रखडतात. प्रजासत्ताक दिनाच्या आधी संचलनाच्या तालमींसाठी रोज सकाळी काही काळ विमानांची ये-जा थांबवतात. नाताळची सुट्टी सरल्यावर जानेवारीत तिकीट उतरते, ते काही उगीच नव्हे. एप्रिलपासून उन्हाळा. म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध उत्तम. राष्ट्रपती भवनाचे उद्यानही साधारण त्याच दिवसांत लोकांसाठी उघडते. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, हेही टिपून ठेवले. एवढे सारे जमले. तरीही आम्ही दिल्लीला गेलो नाही.

डिसेंबरात जाण्याचे तिकीट चार हजारांच्या आत होते. पण चाचण्यांचे वेळापत्रक लागले नव्हते. कार्यालयात विचारले, “लागेल.” सरांना विचारले, “लागेल.” बाबांनी हे ऐकले आणि ते म्हणाले, “तारीख पक्की असन त पैशाचं पाहून घेऊ. तारीखच पक्की नाही, त पैसे काहून अडकवाचे?” त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. स्वस्त तिकीट रद्द केले तर कर आणि विमानतळाचे शुल्क तेवढे परत मिळायला हवे असा नियम आहे. मूळ भाडे बहुधा बुडते. आमच्या घरी ते कित्येक दिवसांच्या मजुरीचे पैसे.

आमच्यातल्या तिसरीने मात्र डिसेंबरातच तिकीट काढले. तिचे वडील म्हणाले, बुडाले तर बुडाले. वेळापत्रक ८ फेब्रुवारीला लागले. त्या तीन दिवसांत आमचा एकही पेपर नव्हता! तोवर विमानाचे भाडे साडेआठ हजारांवर गेले होते आणि रेल्वेची प्रतीक्षायादी लांबली होती. ती गेली. येताना तिने आम्हा दोघींसाठी एकेक पुस्तक आणले. ते मी वाचले. पण ते आणायला मला जायचे होते.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. स्वस्त तिकीट घ्यायलाही ऐपत लागते, आणि ती ऐपत म्हणजे ते बुडवण्याची ऐपत. ज्याला पैशाची फिकीर नाही तो दोन महिने आधी काढून कमी पैसे देतो. ज्याला पै-पैचा हिशेब आहे तो वाट पाहतो आणि दुप्पट देतो, किंवा घरी बसतो. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आठ दिवस आधी येते, आजार तर न सांगताच येतो. गरिबाचा प्रवास बहुधा असाच, तारीख हाती नसलेला.

यावर कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांना विमानाची चैन हवीच कशाला? आमच्या वेळी आम्ही रेल्वेने जात होतो! मान्य. परंतु रेल्वेचेही तेच आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, आणि गर्दीच्या गाड्या लवकर भरतात. शैक्षणिक सहलीसाठी विद्यार्थ्यांना रेल्वेभाड्यात सवलत आहे. पण तिला प्राचार्यांचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे तारीख आधी ठरलेली लागते. आमच्या विभागाच्या सहलीची सूचना फलकावर लागली ती पंधरा दिवस आधी. मग खासगी बस ठरली, वर्गणी वाढली, आणि ज्यांना सहलीची सर्वांत अधिक गरज होती त्यांनीच नावे दिली नाहीत. त्यांना हौस नाही, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आजारपणाची तारीख कुणी बदलू शकत नाही. पण चाचण्यांची आणि सहलीची तारीख तर आपल्याच हाती आहे! माझी मागणी पैशांची नाही. अंतर्गत चाचण्यांचे आणि सहलीचे दिवस दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जाहीर व्हावेत आणि शक्यतो बदलू नयेत. सहल डिसेंबरच्या गर्दीत न नेता फेब्रुवारीत न्यावी. सवलतींची माहिती ग्रंथालयाच्या फलकावर लावावी. याला अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या लागतात.

परवा आईने विचारले, “मंग, विमानात बसाचं राहूनच गेलं काय?” मी म्हटले, “तारीख कळली की बसू.” ती हसली आणि वेचायला वाकली. गुरुजनहो, तारीख तेवढी वेळेवर सांगा. पैशाचे बाबा पाहून घेतील, असे ते स्वतःच म्हणाले आहेत.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला